दुसऱ्या मतपत्रिकेवरचे नाव

अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना शेवटचे मत जनता नव्हे, राज्याराज्यांतले निर्वाचक देतात, आणि बहुतेक राज्यांत जो पक्ष जिंकतो त्याचेच निर्वाचक निवडले जातात. १९७२ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीचा अधिकृत हिशेब निर्वाचकांच्या मतांत असा आहे. अध्यक्षपदासाठी रिचर्ड निक्सन ५२०, जॉर्ज मॅकगव्हर्न १७, जॉन हॉस्पर्स १. उपाध्यक्षपदासाठी स्पायरो अ‍ॅग्न्यू ५२०, सार्जंट श्रायव्हर १७, थिओडोरा नॅथन १.

हे प्रकरण यातल्या शेवटच्या नावाचे आहे. थिओडोरा म्हणजे टोनी नॅथन. अमेरिकेच्या इतिहासात निर्वाचकाचे मत मिळवणारी पहिली स्त्री आणि पहिली ज्यू व्यक्ती. हॉस्पर्स आणि नॅथन या जोडीला देशभरातून मिळालेली जनतेची मते होती ३,६७४. आपल्याकडच्या एखाद्या महापालिका वॉर्डातही एवढ्या मतांवर निवडून येण्याची खात्री कोणी देणार नाही. सगळा व्यवहार सार्वजनिक नोंदीत आहे, त्यामुळे मुख्य व्यक्तींची नावे झाकण्याचे कारण नाही.

पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की मजुरी आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवण्यात येत आहेत आणि परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोने देणेही थांबवण्यात येत आहे. रिपब्लिकन अध्यक्ष बाजारभाव सरकारी हुकमाने बांधतो, हे त्या पक्षाच्या मुक्त बाजारवादी कार्यकर्त्यांना पचले नाही. कोलोरॅडोतल्या डेव्हिड नोलन आणि त्यांच्या मित्रांनी वेगळी चूल मांडायचे ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला. सरकार शक्य तितके लहान असावे, बाजारातही आणि माणसाच्या खासगी आयुष्यातही, एवढे सूत्र धरले की या पक्षाची बहुतेक भूमिका समजते.

जून १९७२ मध्ये डेन्व्हरला पहिले अधिवेशन भरले. प्रतिनिधी शंभरही नव्हते. अध्यक्षपदासाठी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स यांची निवड झाली, उपाध्यक्षपदासाठी ओरेगनमधल्या युजीन शहरातल्या रेडिओ-टीव्ही निर्मात्या टोनी नॅथन यांची. त्या तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या.

लहान पक्षात उपाध्यक्षपदाचा उमेदवार कशासाठी असतो, हे इथे सांगायला हवे. मोठे पक्ष या जागेवर एखादे राज्य, एखादा गट, एखादा रुसलेला प्रतिस्पर्धी बसवतात. लहान पक्षाला मुळात जिंकायचेच नसते, त्यामुळे हे नाव लग्नपत्रिकेतल्या व्यवस्थापकांच्या यादीसारखे असते: छापावे लागते, वाचत कोणी नाही. कधी ते केवळ अर्ज भरण्यापुरते असते. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी अनेक राज्यांच्या मतपत्रिकेवर जागा मिळवण्यासाठी आधी जॉर्जियाचे माजी गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांचे नाव लावले आणि ऑक्टोबरमध्ये जनरल कर्टिस लमे यांना आणले. कधी नाव घटनेलाच टोला मारण्यासाठी असते. १९७२ मध्येच सोशलिस्ट वर्कर्स पक्षाच्या लिंडा जेनेस आणि अँड्र्यू पुली यांच्यापैकी एकाचेही वय घटनेला लागणारी ३५ वर्षे नव्हते. पुली तर विशीतच होते. आणि कधी ज्याचे नाव लावले त्याची संमतीही नसते. १८७२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवार व्हिक्टोरिया वुडहल यांच्या जोडीला इक्वल राइट्स पक्षाने कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे नाव जाहीर केले. डग्लस यांनी त्याची दखलही घेतली नाही. ते रिपब्लिकन अध्यक्ष ग्रँट यांचा प्रचार करत होते आणि त्या वर्षी न्यूयॉर्कमधून ग्रँट यांच्याच बाजूचे निर्वाचक होते.

नॅथन यांची उमेदवारी यातल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही. ती खरी होती, संमतीची होती आणि घटनेच्या सगळ्या अटी पाळणारी होती. फक्त हरणार हे पक्के होते.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या होत्या.

पहिली पक्षाची. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची मतपत्रिका केंद्रीय निवडणूक आयोग छापत नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, सह्यांचे आकडे वेगळे, मुदती वेगळ्या. सहा महिन्यांच्या पक्षाला हे पेलणारे नव्हते. हॉस्पर्स आणि नॅथन यांची नावे कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोनच राज्यांत छापली गेली. त्याच वर्षी अमेरिकन इंडिपेंडंट पक्षाचे जॉन श्मिट्झ सुमारे ११ लाख मते घेऊन गेले. सोशलिस्ट लेबर पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारही एक स्त्रीच होत्या, जेनेव्हीव्ह गंडरसन, आणि त्यांच्या जोडीला ५० हजारांहून जास्त मते पडली. दारूबंदीवाल्या प्रोहिबिशन पक्षालाही १३ हजारांच्या वर मिळाली. या रांगेत लिबर्टेरियन जोडी शेवटाकडे उभी होती.

दुसरी अडचण व्हर्जिनियातल्या एका रिपब्लिकन निर्वाचकाची. रॉजर मॅकब्राइड हे त्या राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाचे खजिनदार होते. प्रिन्स्टन आणि हार्वर्डमध्ये शिकलेले वकील, पूर्वी व्हर्माँटच्या विधानसभेत बसलेले, लेखिका रोझ वाइल्डर लेन यांनी नातवासारखे मानलेले आणि त्यांचे वारसदार. व्हर्जिनियाला १२ निर्वाचक होते आणि निक्सन तिथे जवळपास ६८ टक्के मते घेऊन जिंकले होते. म्हणजे मॅकब्राइड यांनी निर्वाचकांच्या मतदानासाठी १८ डिसेंबरला राज्याच्या राजधानीत, रिचमंडला जायचे, ठरलेली दोन नावे लिहायची आणि घरी यायचे. पण ज्या कारणांनी नोलन पक्षाबाहेर पडले, तीच कारणे मॅकब्राइड यांनाही टोचत होती.

इथे एक तपशील लक्षात ठेवावा. मॅकब्राइड यांनी १९५३ मध्ये निर्वाचक मंडळाच्या पद्धतीवर एक छोटे पुस्तक लिहिले होते. त्यामुळे आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नव्हते, असे म्हणायला जागा नाही. त्या खोलीत नियम त्यांच्याइतका बारकाईने अभ्यासलेला दुसरा माणूस असण्याची शक्यता कमीच.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे निक्सन आणि अ‍ॅग्न्यू. त्यात कोणी काही बोलले नसते. निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली होती, मतांचा फरक जवळपास १ कोटी ८० लाखांचा होता. एक मत इकडचे तिकडे झाल्याने काही बिघडणार नव्हते, आणि याच कारणाने ते इकडचे तिकडे करणे सोपेही होते. निकाल अटीतटीचा असता तर मॅकब्राइड यांनी हेच केले असते का, या प्रश्नाला उत्तर नाही. मला वाटते, नसते केले.

दुसरा पर्याय राजीनाम्याचा. निर्वाचकाची जागा रिकामी झाली तर बहुतेक राज्यांत उरलेले निर्वाचक ती भरतात. ज्याला पक्षाच्या उमेदवाराला मत देणे जमत नाही, त्याने बाजूला व्हावे हा सर्वांत स्वच्छ मार्ग. आयाराम-गयारामांचा इतिहास पाहिलेल्या आपल्या वाचकाला तो पटकन सुचेल. राजीनामा देऊन मॅकब्राइड यांना आपली नाराजीही सांगता आली असती. पण ती बातमी व्हर्जिनियाच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक दिवस टिकली असती.

तिसरा पर्याय फार कमी लोकांच्या लक्षात येतो, आणि माझ्या मते हे प्रकरण त्याच्याभोवतीच फिरते. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीपासून निर्वाचक अध्यक्षपदासाठी एक आणि उपाध्यक्षपदासाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र मतपत्रिका भरतो. सामान्य मतदाराला जोडीच निवडावी लागते, निर्वाचकाला तसे बंधन नाही. म्हणजे मॅकब्राइड यांना निक्सन यांचा निषेध नोंदवण्यासाठी पहिल्या मतपत्रिकेवर हॉस्पर्स लिहून दुसरीवर अ‍ॅग्न्यू लिहिता आले असते. ही कल्पनेतली गोष्ट नाही. पुढच्याच निवडणुकीत, १९७६ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या एका रिपब्लिकन निर्वाचकाने अध्यक्षपदासाठी जेराल्ड फोर्ड यांच्याऐवजी रोनाल्ड रीगन यांचे नाव लिहिले आणि उपाध्यक्षपदासाठी मात्र पक्षाचे बॉब डोल यांनाच ठेवले. म्हणून त्या वर्षीच्या हिशेबात डोल यांची मते २४१ आणि फोर्ड यांची २४० दिसतात.

चौथा पर्याय पूर्ण जोडीचा, हॉस्पर्स आणि नॅथन. यातही एक कायदेशीर खाच होती. निर्वाचकाच्या दोन मतांपैकी निदान एक तरी त्याच्या स्वतःच्या राज्याबाहेरच्या माणसाला जावे लागते. हॉस्पर्स कॅलिफोर्नियाचे, नॅथन ओरेगनच्या, मॅकब्राइड व्हर्जिनियाचे. अट आपोआप पाळली जात होती.

मत फुकट जाईल का, याचा अंदाज घ्यायला ताजे उदाहरणही होते. १९६८ च्या निवडणुकीत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका रिपब्लिकन निर्वाचकाने निक्सन यांच्याऐवजी वॉलेस आणि लमे यांना मत दिले होते. जानेवारी १९६९ मध्ये काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात त्यावर हरकत घेतली गेली आणि दोन्ही सभागृहांनी ती फेटाळली, सिनेटमध्ये ५८ विरुद्ध ३३ आणि प्रतिनिधिगृहात २२८ विरुद्ध १७०. फुटलेले मत मोजायचे, असा पायंडा तिथे पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ‘अंतरात्म्याचा आवाज’ गाजला आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडून व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पण आपल्याकडचे मतदान गुप्त होते आणि फुटणारे शेकड्यांनी होते. मॅकब्राइड एकटे होते आणि त्यांचे मत उघड होते.

काय केले

१८ डिसेंबर १९७२ रोजी मॅकब्राइड यांनी पहिल्या मतपत्रिकेवर हॉस्पर्स आणि दुसरीवर नॅथन लिहिले. उरलेल्या ११ जणांनी निक्सन आणि अ‍ॅग्न्यू लिहिले. व्हर्जिनियातल्या मतपत्रिकेवर हॉस्पर्स-नॅथन हे नाव छापलेलेच नव्हते. म्हणजे ज्या राज्यात त्यांना मत द्यायची सोयच नव्हती, त्याच राज्याने त्यांना निर्वाचकाचे मत दिले.

६ जानेवारी १९७३ रोजी काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात मतमोजणी झाली. अध्यक्षस्थानी स्वतः उपाध्यक्ष अ‍ॅग्न्यू होते. चार वर्षांपूर्वी जशी हरकत आली होती तशी या वेळी कोणी घेतली नाही. निक्सन यांच्या ५२० मतांपुढे त्या एका मतासाठी भांडण्यात कोणाला रस असणार!

या सगळ्यात नॅथन यांनी काय केले? निर्णायक क्षणी काहीच नाही, कारण त्यांच्या हातात काही नव्हते. त्यांचा निर्णय जूनमध्येच होऊन गेला होता, जेव्हा त्यांनी हरणाऱ्या जोडीत दुसरे नाव व्हायला होकार दिला. अशा उमेदवारीचा हिशेब मांडताना आपण प्रचारसभा, भाषणे, मते मोजतो. इथे मोजायची गोष्ट म्हणजे हा होकार, आणि त्याची किंमत तो देताना कोणालाच ठाऊक नव्हती.

निष्पत्ती

आकड्यांच्या पातळीवर विरोधाभास एवढा मोठा आहे की तो नुसता मांडला तरी पुरे. १९५२ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार शार्लोटा बास या कृष्णवर्णीय संपादिका होत्या. त्यांच्या जोडीला सुमारे १ लाख ४० हजार मते मिळाली, निर्वाचकाचे एकही नाही. श्मिट्झ यांच्या ११ लाख मतांनाही निर्वाचकाचे एकही मत मिळाले नाही. नॅथन यांच्या जोडीला ३,६७४ मतांवर एक. त्याच वर्षी मायामी बीचला डेमोक्रॅटिक अधिवेशनात सिसी फेरेंथोल्ड उपाध्यक्षपदाच्या नामांकनात टॉमस ईगल्टन यांच्या खालोखाल आल्या होत्या. थोड्याच दिवसांत ईगल्टन यांना उमेदवारी सोडावी लागली तेव्हा जागा मिळाली श्रायव्हर यांना. निर्वाचकाचे मत मिळवणारी दुसरी स्त्री त्यानंतर १२ वर्षांनी दिसली, १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या जेराल्डिन फेरारो, १३ मतांसह.

अ‍ॅग्न्यू यांनी १० ऑक्टोबर १९७३ रोजी भ्रष्टाचाराच्या प्रकरणात राजीनामा दिला. निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी. मॅकब्राइड यांनी नाकारलेली दोन्ही नावे दोन वर्षांच्या आत खाली आली. याला दूरदृष्टी म्हणायचा मोह होतो, पण मॅकब्राइड यांचा राग किमती गोठवण्यावर होता, ज्यात निक्सन गेले त्या वॉटरगेट प्रकरणावर नव्हे.

फायदा कोणाला झाला? मॅकब्राइड यांना. रिपब्लिकनांच्या दृष्टीने ते फितूर, लिबर्टेरियनांच्या दृष्टीने नायक. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात पक्षाने त्यांनाच १९७६ साठी अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. जोडीला होते डेव्हिड बर्गलँड. या वेळी ३२ राज्यांत नाव छापले गेले आणि १ लाख ७२ हजारांच्या वर मते मिळाली. पुढे १९८० च्या दशकात मॅकब्राइड रिपब्लिकन पक्षात परतले.

नॅथन यांनी १९७३ मध्ये युजीनमध्ये लिबर्टेरियन स्त्रीवाद्यांची संघटना उभी केली आणि १९८० मध्ये ओरेगनमधून सिनेटची निवडणूक लढवली. २०१४ मध्ये त्या वारल्या.

वेगळे काय करता आले असते

पहिला आक्षेप मॅकब्राइड यांच्यावर, आणि तो जोरदार आहे. व्हर्जिनियाच्या मतदारांनी त्यांना निक्सन यांचा माणूस म्हणून निवडले होते. हातातले मत त्यांचे नव्हते. जो माणूस या पद्धतीवर पुस्तक लिहितो, त्याला निर्वाचकपद स्वीकारण्याआधीच आपला निर्णय सांगता आला असता. किमती तर ऑगस्ट १९७१ मध्येच गोठल्या होत्या, उन्हाळ्यात-हिवाळ्यात नवे काही घडले नव्हते. राजीनामा हाच प्रामाणिक पर्याय होता, असे मला वाटते. तरीही एक मान्य करावे लागते: त्यांनी ते उघडपणे केले आणि निकाल बदलण्यासाठी केले नाही.

दुसरा मुद्दा दुसऱ्या मतपत्रिकेचा. या घटनेची कहाणी नेहमी मॅकब्राइड यांच्या बंडाची म्हणून सांगितली जाते आणि नॅथन त्या बंडात योगायोगाने सापडलेल्या दाखवल्या जातात. पण मतपत्रिका दोन होत्या. अ‍ॅग्न्यू यांना मत देऊनही निक्सन यांचा निषेध झाला असता. दुसऱ्या कागदावर नॅथन लिहिणे हा वेगळा, स्वतंत्र निर्णय होता. एका स्त्रीचे नाव लिहायचे म्हणून त्यांनी तो घेतला की पक्षाची जोडी तोडायची नाही म्हणून, हे ठरवता येत नाही. परिणाम मात्र तोच.

तिसरा आक्षेप पक्षावर, आणि इथे माझे मत ठाम आहे. हाती दोन गोष्टी आल्या होत्या. एक बंडखोर निर्वाचक, दुसरी पहिली स्त्री. पक्षाने पहिल्याला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि १९७६ ची जोडी दोन पुरुषांची केली. मॅकब्राइड श्रीमंत होते, स्वतःचे विमान घेऊन प्रचाराला फिरू शकत होते, त्यामुळे त्या निर्णयामागचे गणित कळते. पण नॅथन यांना पुन्हा दुसऱ्या जागेवर ठेवायला काही खर्च नव्हता. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मार्च १९७२ मध्ये सिनेटमधून मंजुरीसाठी राज्यांकडे गेली होती, देशात त्यावर वाद पेटलेला होता, आणि अशा वेळी एका पक्षाकडे असे नाव होते जे दोन्ही मोठ्या पक्षांकडे नव्हते. अडचण होती ती विचारांची. स्त्रीने आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभे राहावे, सरकारकडून मदत मागू नये, ही नॅथन यांच्या संघटनेची भूमिका त्या काळच्या मुख्य स्त्री चळवळीला जवळची नव्हती. म्हणजे एका बाजूला स्वतःचा पक्ष पुढे करत नाही, दुसऱ्या बाजूला चळवळ आपली म्हणत नाही. इतिहासातले ‘पहिली’ हे विशेषण बहुतेकांना ठाऊक नाही, याचे कारण मला इथे दिसते.

१९८० मध्ये त्याच पक्षाने उपाध्यक्षपदाची जागा कशी वापरली ते पाहिले की फरक कळतो. १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बकली विरुद्ध व्हालेओ निकालानंतर देणगीदारावर मर्यादा राहिली, पण उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती खर्च करावा यावरची मर्यादा गेली. उद्योगपती डेव्हिड कोक स्वतः उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि एड क्लार्क यांच्या मोहिमेत त्यांना हवे तेवढे पैसे ओतता आले. सर्व ५० राज्यांत नाव, ९ लाख २१ हजार मते, १ टक्क्याच्या किंचित वर. निर्वाचकाचे मत शून्य.

आज असे मत पडेल का

फार अवघड. २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका डेमोक्रॅटिक निर्वाचकाने उपाध्यक्षपदासाठी विनोना लाड्यूक यांचे नाव लिहिले. त्या १९९६ आणि २००० मध्ये ग्रीन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या, आणि १६ वर्षांनी, उमेदवार नसताना, त्यांना ते मत मिळाले. ते मोजलेही गेले. पण त्या राज्याने त्या वर्षी फुटलेल्या निर्वाचकांना प्रत्येकी १,००० डॉलरचा दंड केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की राज्यांना निर्वाचकांवर शब्द पाळण्याची सक्ती करता येते. अनेक राज्यांत आता असे मत तिथल्या तिथे रद्द होते आणि निर्वाचकाच्या जागी दुसरा बसवला जातो.